कटिंग व्हील, ग्राइंडिंग व्हील : कंपन्या कुठल्या, रेट असा का

नमस्कार मंडळी,

काउंटरवर रोज एकच प्रश्न येतो, लोखंड कापायचं किंवा घासायचं चायना व्हील एवढ्यात मिळतंय मग नॉर्टन किंवा क्युमीचं एवढं महाग का? गर्दीत नीट सांगून होत नाही म्हणून हे छापून देतोय, निवांत वाचा.

आपल्या देशात या धंद्यात दोन कंपन्या सगळ्यात मोठ्या. एक ग्राइंडवेल नॉर्टन, १९४१ साली उरणजवळ मोरा इथे म्हणजे आपल्या महाराष्ट्रातच सुरू झालेली, आज निम्म्याहून जास्त शेअर फ्रान्सच्या सेंट-गोबेनकडे आहेत. दुसरी कार्बोरंडम युनिव्हर्सल, म्हणजे आपली क्युमी, चेन्नईच्या मुरुगप्पा ग्रुपची, १९५४ ची. दोन्ही शेअर बाजारात असल्याने हिशोब कुणालाही बघता येतो. ग्राइंडवेलची वर्षाची विक्री अडीच हजार कोटींच्या वर आणि क्युमीची साडेचार हजार कोटींच्या वर, पण तेवढ्यावरून क्युमीची व्हील जवळपास दुप्पट खपतात असं धरू नका, त्या आकड्यात सिरॅमिक, इलेक्ट्रोमिनरल्स (भट्टीत बनवलेले दाणे) आणि परदेशातल्या कंपन्याही आल्या.

आता रेटचं. व्हीलमध्ये कापायचं काम करतो तो दाणा, आणि तो दाणा बनवायला वीज बेसुमार लागते. सिलिकॉन कार्बाइड म्हणजे वाळू आणि पेट्रोलियम कोक भट्टीत दोन हजार डिग्रीच्या वर तापवून केलेला माल. म्हणून तर क्युमीने केरळात मणियारला स्वतःसाठी १२ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प टाकला होता. ग्राइंडवेलचाही तिरुपतीला दाण्याचा प्लांट आहे. ज्याचा दाणा घरचा त्याला चीनमध्ये दाण्याचा भाव हलला तरी थोडं तग धरता येतं आणि माल एकसारखा ठेवता येतो, आमच्या मते ब्रँडचे जे जादा पैसे तुम्ही देता ते मुख्यतः या एकसारखेपणाचे.

लेबलवर ए ४६ के ५ व्ही असं काही असतं ते बघत जा. ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दाणा, ४६ दाण्याची जाडी, के म्हणजे व्हीलचा कडकपणा, ५ म्हणजे दाणे किती दाट, व्ही म्हणजे विट्रिफाइड बाँड, बाँड म्हणजे दाणे धरून ठेवणारा चिकटा, इथे भट्टीत भाजलेला काचेसारखा. चिंचोळी एमआयडीसीत शाफ्ट ग्राइंडिंग करणाऱ्यांना विचारा, लेबलवर के आणि प्रत्यक्षात एका लॉटला मऊ, दुसऱ्याला कडक निघालं की जॉब (घासायचा तुकडा) जळतो नाहीतर सारखं ड्रेसिंग, म्हणजे व्हीलचं तोंड पुन्हा साफ आणि धारदार, करत बसावं लागतं, त्यात व्हीलमध्ये वाचवलेले पैसे कधीच जातात. साखर कारखान्यांच्या ऑफ सीझनच्या कामालाही हेच, दिवस मोजके असतात, तिथे स्वस्त माल घेऊच नका.

ग्रिल-शटरवाल्यांनी मात्र प्रत्येक वेळी महागच घ्यावं असं आम्ही म्हणणार नाही. साधं कटिंग असेल तर स्वस्त व्हील चालतं, फक्त दोन गोष्टी बघा. चार इंची व्हीलवर १५,३०० आरपीएम (मिनिटाला फेरे), ८० मीटर पर सेकंद असं छापलेलं पाहिजे आणि मधल्या लोखंडी रिंगवर एक्सपायरी पाहिजे. कटिंग व्हीलमध्ये दाणे रेझिनने चिकटवलेले असतात, हा रेझिन बाँड दमट हवेत कमजोर होतो, बनवल्यापासून ३ वर्षांनंतर वापरूच नये, व्हील फुटलं तर डोळा जातो ओ. रिंगवर तारीखच नसेल तो माल आम्ही ठेवत नाही.

येताना जुन्या व्हीलचं लेबल आणा, मशीनचा आरपीएम आणि जॉबचं मटेरियल सांगा, आणि नवीन ब्रँड घेत असाल तर आधी एकच पीस न्या, किती जॉब निघाले ते मोजा, मगच बॉक्सची ऑर्डर द्या.