डिस्लेक्सिया : मराठी वर्गातील अध्यापन व साहाय्य

डिस्लेक्सिया ही वाचन व लेखन शिकण्यात येणारी जन्मजात अडचण असून बुद्धिमत्ता, दृष्टी किंवा मुलाची मेहनत यांतील उणिवेमुळे ती उद्भवत नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन, गणित अशा ठरावीक बाबतींतच येणाऱ्या अडचणी, या गटात तिचे प्रमाण सर्वाधिक आहे. अशा मुलाला सांगितलेली गोष्ट चांगली समजते आणि तोंडी उत्तरेही देता येतात. तीच गोष्ट पुस्तकातून वाचायला सांगितली की मात्र ते शब्दाशब्दाला अडते. निकष बदलला की आकडा बदलतो, तरी शाळकरी मुलांत हे प्रमाण सर्वसाधारणपणे ५ ते १० टक्के धरले जाते. म्हणजे ४० जणांच्या वर्गात अशी दोन ते चार मुले असण्याचा संभव असतो.

‘डिस्लेक्सिया’ हा शब्द जर्मनीतील स्टुटगार्टचे नेत्रवैद्य रूडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ मध्ये वापरला, तो मेंदूच्या विकारामुळे वाचनशक्ती गमावलेल्या प्रौढांसंबंधी. मुलांमधील जन्मजात अडचणीचे वर्णन इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केले. त्यांच्याकडे आलेला १४ वर्षांचा पर्सी नावाचा मुलगा स्वतःचे नाव ‘प्रेसी’ असे लिही, आणि दाखवून दिल्याशिवाय ती चूक त्याच्या लक्षात येत नसे. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, हे त्याच्या शिक्षकांचे मतही मॉर्गन यांनी नोंदवून ठेवले आहे. या विषयाकडे प्रथम वळलेल्यांत नेत्रवैद्य बरेच होते. त्यामुळे हा डोळ्यांचा दोष असून मुलाला अक्षरे उलटी दिसतात, असा समज रुजला आणि तो अजून पुरता गेलेला नाही. बोललेल्या शब्दातील ध्वनी सुटे ओळखणे आणि ते अक्षरांशी झटपट जोडणे येथे मूळ अडचण असते, असे आता मानले जाते. वाचताना मेंदूच्या डाव्या गोलार्धातील ठरावीक भागांची सक्रियता अशा व्यक्तींमध्ये कमी आढळते, तसेच ही अडचण पुष्कळदा एकाच घराण्यात अनेकांना असते.

पर्सीच्या चुकीत ‘र’ने जागा बदलली होती. मराठी शिकवणाऱ्या शिक्षकाला ही चूक ओळखीची वाटेल, कारण देवनागरीत सर्वाधिक जागा बदलणारा वर्ण ‘र’च आहे. तो ‘सूर्य’मध्ये पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, ‘चक्र’मध्ये तिरप्या रेघेच्या रूपाने अक्षराला चिकटतो, ‘राष्ट्र’मध्ये ‘ट’च्या खाली जातो आणि ‘दऱ्या’मध्ये आडवा होऊन ‘दर्या’पासून वेगळा राहतो. डिस्लेक्सिया असलेले मूल ‘गर्दी’ हा शब्द ‘गदी’ किंवा ‘गद्री’ असा वाचते आणि ‘वर्ग’ हा ‘वग्र’ असा लिहिते. पहिल्या वेलांटीचीही अशीच गत होते. ती अक्षराच्या डावीकडे काढायची, पण तिचा उच्चार अक्षरानंतर करायचा. ‘स्थिती’मध्ये तर ती ‘स्’च्याही आधी येते आणि ऐकू येते ‘थ्’नंतर.

देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ इंग्रजीपेक्षा कितीतरी सरळ आहे, म्हणून मराठी माध्यमात डिस्लेक्सिया नसतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः लिपी नियमित असली की अडचण नाहीशी होत नाही, तिचे रूप बदलते. अशा लिपीत मूल चुकीचे वाचण्यापेक्षा संथ वाचते. तिसरी-चौथीतही ते ‘पा... पाऊ... पाऊस’ असे जुळवत जाते आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते. शिवाय मराठीची नियमितता पूर्ण नाही. ‘करवत’ची चार अक्षरे सुटी वाचली तर ‘क-र-व-त’ होते, पण बोलताना ‘कर्-वत्’. ‘चहा’तील ‘च’ आणि ‘चाक’मधील ‘च’ सारखे नाहीत. सुटी मुळाक्षरे येणाऱ्या मुलाची खरी परीक्षा बाराखडी आणि जोडाक्षरे सुरू झाल्यावर होते. तोवर पाठ केलेल्या कवितांच्या बळावर त्याने दिवस निभावलेले असतात, म्हणून ‘पहिलीत छान होता, आता अभ्यास करत नाही’ असा शेरा प्रगतिपुस्तकात उमटतो.

प्रत्येक संथ वाचन म्हणजे डिस्लेक्सिया नव्हे. घरी गोंडी, भिली किंवा कोरकू बोलणारे मूल पहिलीत मराठीची भाषा आणि लिपी दोन्ही एकदम शिकत असते. ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा हंगामात महिनोन्‌महिने सुटते. या मुलांना आधी भाषेची ओळख आणि बुडालेली शाळा भरून मिळायला हवी, डिस्लेक्सियाचे प्रमाणपत्र नंतर. दृष्टी व श्रवण यांची तपासणी तर सर्वांत आधी करावी. नीट शिकवूनही काही महिने प्रगती दिसली नाही, तरच पुढील चाचण्यांना अर्थ राहतो, आणि त्या मुलाला येणाऱ्या भाषेत व्हाव्या लागतात. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ हा चाचणीसंच प्रसिद्ध केला. तो हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांत असून पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवी अशा दोन टप्प्यांसाठी शिक्षकांना भरता येतील अशी प्राथमिक पाहणीची साधने त्यात आहेत. अशा पाहणीतून केवळ शंका व्यक्त होते. निदान तज्ज्ञांनीच करावयाचे असते.

वर्गातील साहाय्याची सुरुवात कानापासून होते. शब्द टाळ्यांनी तोडणे, ‘पतंग’मधला ‘प’ काढला तर काय उरते ते सांगणे, एकाच ध्वनीने सुरू होणारे शब्द गोळा करणे हे खेळ रोज दहा मिनिटे घेता येतात. गाण्याच्या भेंड्यांतही शेवटचे अक्षर कानाने पकडावे लागते, त्यामुळे हा सहलीतला खेळ सरावालाही उत्तम आहे. त्यानंतर अक्षर आणि ध्वनी यांची जोडणी ठरलेल्या क्रमाने, एका वेळी थोडी आणि पुन्हापुन्हा करावी लागते. सॅम्युएल ऑर्टन व ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडलेल्या पद्धतीचा गाभा हाच असून तीत पाहणे, ऐकणे, उच्चारणे आणि हाताने गिरवणे एकाच वेळी चालते. पंतोजींच्या शाळेतील धूळपाटीवर बोटाने अक्षर काढत त्याचा मोठ्याने उच्चार करणारा विद्यार्थी याहून फार वेगळे करत नव्हता. आज ताटलीतील रवा किंवा वाळू तेच काम करते. क्रमाचा मात्र विचार हवा. ‘ग म भ न’ हा क्रम हाताच्या वळणाला सोयीचा आहे, पण त्यात ‘म’ आणि ‘भ’ शेजारी येतात. ज्या मुलाचा गोंधळ याच जोडीत होतो, त्याला एक अक्षर पक्के झाल्यावर काही आठवड्यांनी दुसरे द्यावे. ‘घ-ध’ आणि ‘थ-य’ या जोड्यांनाही हेच लागू होते.

प्रकटवाचन हा अशा मुलासाठी दिवसातील सर्वांत कठीण प्रसंग असतो. ओळीने पाळी येत असली तर ते पुढची बाके मोजून आपला परिच्छेद शोधते आणि तो मनात जुळवण्याच्या नादात मधला पाठ त्याच्या कानावरून जातो. परिच्छेद आदल्या दिवशी सांगून ठेवणे किंवा जोडीने वाचू देणे, एवढ्या बदलानेही फरक पडतो. वेग वाढण्यासाठी तोच छोटा उतारा तीन-चार दिवस पुन्हा वाचून घ्यावा. फळ्यावरचे उतरवून घेण्याचा भार कमी करून छापील टिपण द्यावे. शुद्धलेखनाला शिकवून झालेल्या जोडाक्षरांचेच शब्द घालावेत, आणि इतिहासाच्या उत्तरात ‘पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी’चे गुण कापू नयेत, कारण तेथे तपासायचा असतो तो इतिहास. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावणे ही आपल्याकडची जुनी शिक्षा आहे. तिने मूल चूकच दहा वेळा घोटते.

बाजारात मिळणारे सर्वच उपाय सारखे भरवशाचे नाहीत. रंगीत काच किंवा पारदर्शक रंगीत कागद पानावर ठेवल्याने वाचन सुधारते, या दाव्याला भक्कम आधार मिळालेला नाही. खास बनवलेल्या अक्षरवळणांबद्दलही तेच म्हणता येते. अक्षरे थोडी मोठी आणि शब्दांतील अंतर थोडे मोकळे ठेवल्याचा उपयोग त्याहून अधिक होतो, आणि त्याला खर्चही लागत नाही. मोबाइलवर मजकूर वाचून दाखवणारी सोय विज्ञान, भूगोल यांसारख्या विषयांत उपयुक्त आहे. तिने वाचन शिकण्याची जागा भरून निघत नाही, पण वाचन येईपर्यंत विषय मागे पडत नाही.

कायद्याच्या दृष्टीने १९९५ च्या अपंगविषयक अधिनियमात या अवस्थेला स्थान नव्हते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. महाराष्ट्र याबाबत वीस वर्षे पुढे होता: राज्य शासनाने १९९६ मध्येच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मंजूर केल्या. वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेऐवजी कार्यानुभव आणि बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित, असे त्या सवलतींचे स्वरूप राहिले आहे. प्रमाणपत्रासाठी पालकांना नेमलेल्या सरकारी व महापालिका रुग्णालयांत जावे लागते. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाचे अध्ययन अक्षमता चिकित्सालय त्यांपैकी परिचित आहे.

सवलती परीक्षेपुरत्या असतात, आणि दहावीच्या तोंडावर धावपळ करून मिळवलेल्या प्रमाणपत्राने मागील नऊ वर्षांतील वाचन भरून येत नाही. गणित सोडण्याचा पर्याय निवडताना अकरावीनंतरच्या कोणत्या वाटा बंद होतात, हे मुलाला आणि पालकांना आधीच सांगायला हवे. लेखनिकाकडून उत्तर लिहून घेण्यालाही सराव लागतो. उत्तर मनात पूर्ण रचून, दुसऱ्याच्या हाताच्या वेगाने, स्वल्पविराम आणि परिच्छेदासह सांगणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. नववीच्या चाचण्यांपासून ते अंगवळणी पाडले नाही, तर बोर्डाच्या पहिल्या पेपरात वाढीव वेळ मिळूनही विद्यार्थी आणि लेखनिक एकमेकांची वाट पाहत बसतात.