सिंगल-प्लेअर व्हिडिओ गेम : ऑनलाइन युगातील स्थिती व भवितव्य

एका वेळी एकाच माणसाने खेळायचा व्हिडिओ गेम. यात प्रतिस्पर्धी, कथा, कोडी आणि भोवतालचे जग हे सारे प्रोग्रॅमच उभे करतो, त्यामुळे खेळायला दुसरा माणूस किंवा इंटरनेट तत्त्वतः लागत नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून हे स्वयंपूर्णत्व कमी होत गेले. या प्रकाराच्या भवितव्याचा विचार म्हणूनच खपाच्या आकड्यांपेक्षा या बदलाच्या अंगाने करणे अधिक सयुक्तिक ठरते.

उगम : पहिला सिंगल-प्लेअर गेम कोणता, याबाबत एकमत नाही. १९५० मध्ये टोरांटोच्या कॅनेडियन नॅशनल एक्झिबिशनमध्ये जोसेफ केट्स यांनी मांडलेल्या ‘बर्टी द ब्रेन’ या यंत्राशी लोक फुली-गोळा खेळले. पुढच्याच वर्षी फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या महोत्सवात फेरांटी कंपनीचे ‘निमरॉड’ हे यंत्र निम नावाचा खेळ प्रेक्षकांशी खेळत असे. दोन्ही यंत्रे आपली चाल दिव्यांनी दाखवत. त्यांना चित्र बदलणारा पडदा नव्हता, म्हणून काही अभ्यासक त्यांना व्हिडिओ गेम मानत नाहीत. ते ए. एस. डग्लस यांच्या फुली-गोळ्याच्या प्रोग्रॅमला पहिला मान देतात. १९५२ मध्ये केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर लिहिलेला हा प्रोग्रॅम पुढे ‘ऑक्सो’ या नावाने ओळखला गेला आणि त्याचा पट कॅथोड किरण नळीच्या पडद्यावर दिसत असे. तिसरे मत अधिक कडक आहे. खेळ टेलिव्हिजनच्या पद्धतीच्या पडद्यावर चालणारा आणि विक्रीसाठी बनवलेला असावा, अशी त्याची अट असते. ती लावल्यास नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांचा ‘कॉम्प्युटर स्पेस’ (१९७१) पुढे येतो, कारण त्यात खेळाडू यंत्राने चालवलेल्या उडत्या तबकड्यांशी लढतो. पडद्यावरचे चित्र आणि यंत्र हाच प्रतिस्पर्धी, या दोन कसोट्या पुरेशा मानल्या तर १९५२ हे वर्ष स्वीकारायला हरकत नसावी.

हा वाद केवळ तारखांचा नाही. ‘स्पेसवॉर’ (१९६२) आणि ‘पाँग’ (१९७२) यांना दोन खेळाडू लागत. त्यावरून व्हिडिओ गेम मुळातच अनेकांचा होता, संगणक एकमेकांना जोडलेले नव्हते तेवढ्या काळात तो एकट्याचा झाला आणि आता पुन्हा मूळ रूपाकडे चालला आहे, असे मत काही गेम-रचनाकारांनी मांडले आहे. वर दिलेली यंत्रे पाहता ते टिकत नाही. माणूस विरुद्ध यंत्र हा डाव ‘स्पेसवॉर’च्या आधीचा आहे. ‘ब्रेकआउट’ (१९७६) आणि तोमोहिरो निशिकादो यांचा ‘स्पेस इनव्हेडर्स’ (१९७८) यांच्यामुळे तो आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या केंद्रांत, रुळला. त्यानंतरचा विस्तार सर्वपरिचित आहे.

सर्व्हरवरचे अवलंबन : ‘हाफ-लाइफ २’ (२००४) चालू करण्यासाठी स्टीम या ऑनलाइन गेम-विक्री सेवेचे खाते आणि निदान एकदा इंटरनेट जोडणी लागत असे. खेळताना सतत जोडणी हवी, ही अट साधारणतः २०१० च्या सुमारास ठळक झाली. त्या वर्षी ‘असॅसिन्स क्रीड २’च्या पीसी आवृत्तीत जोडणी तुटली की खेळ थांबत असे. पुढे ‘डायब्लो ३’ (२०१२) आणि ‘सिमसिटी’ (२०१३) यांच्या प्रकाशनावेळी सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती संगणकांवर, ताण आला आणि एकट्याने खेळणारेही बाहेर अडकून पडले.

सर्व्हरची कामे मात्र एकसारखी नसतात, आणि हा भेद चर्चेत वारंवार सुटतो. काही ठिकाणी सर्व्हर फक्त खरेदीची खातरजमा करतो, तर काही ठिकाणी खेळाडूची प्रगती साठवतो. ‘डायब्लो ३’च्या पीसी आवृत्तीसारख्या खेळात राक्षस आणि हाती लागणारी लूट यांचा हिशेबही सर्व्हरच करतो, त्यामुळे खेळाचा मोठा भाग खेळाडूच्या संगणकावर नसतोच. ‘सिमसिटी’बाबतही असेच सांगितले गेले होते. पण २०१४ मध्ये त्याची ऑफलाइन आवृत्ती आली, तेव्हा ती गरज तांत्रिक कमी आणि व्यावसायिक जास्त असावी, असे मानण्यास जागा झाली.

‘डीमन्स सोल्स’ (२००९) याने वेगळी वाट दाखवली. त्यात इतरांनी सोडलेले संदेश आणि त्यांच्या मरणाच्या खुणा दिसत, तरी खेळ मुख्यतः एकट्याचाच राहत असे. २०१८ मध्ये त्याचे सर्व्हर बंद झाल्यावर हे थर नाहीसे झाले, पण खेळ शाबूत राहिला. ‘द क्रू’ (२०१४) या मोटार-शर्यतीच्या खेळात एकट्याने पुरी करायची कथा होती. तरीही ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच विकत घेतलेली प्रत निरुपयोगी झाली.

व्यवसाय : २०१७ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने व्हिसरल गेम्स हा स्टुडिओ बंद केला आणि त्याचा कथाप्रधान ‘स्टार वॉर्स’ खेळ त्या स्वरूपात सोडून दिला, तेव्हा या प्रकाराचा शेवट जवळ आल्याचे बोलले गेले. पण पुढच्याच वर्षी ‘गॉड ऑफ वॉर’ हा एकट्याचा खेळ आला. २०१९ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनेच ‘जेडाय : फॉलन ऑर्डर’ हा एकट्याचा खेळ काढला व तो यशस्वी ठरला. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’च्या तीन दिवसांत १ कोटी प्रती खपल्या, तर त्याच महिन्यात आलेला ऑनलाइन ‘काँकॉर्ड’ दोन आठवड्यांत मागे घेतला गेला. एवढ्यावरून कल ठरवणे घाईचे होईल, पण मागणी आटली आहे असे म्हणता येत नाही.

जतन व कायदा : अमेरिकेत २०१५ मध्ये कॉपीराइट कायद्याच्या नियमांतून एक सूट मिळाली. खातरजमेचा सर्व्हर बंद झाला असेल तर खेळाडूला खातरजमेचे तांत्रिक कुलूप काढून आपल्या यंत्रावर खेळता येते. ज्यांचा आशयच सर्व्हरवर होता असे खेळ तीत धरलेले नाहीत, म्हणजे वर सांगितलेला तांत्रिक भेद कायद्यानेही मानला. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळतो हे स्पष्ट सांगावे लागते. कायम ऑफलाइन वापरता येईल अशी प्रत उतरवून घेता येत असेल तर ही अट लागू होत नाही.

‘द क्रू’ बंद पडल्यावर ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. सेवा थांबवताना कंपनीने खेळ चालू शकेल अशा अवस्थेत सोडावा, एवढीच तिची रास्त मागणी आहे. तिच्याशी निगडित युरोपीय नागरिक उपक्रमाने (युरोपीय संघाकडे नागरिकांनी कायद्याची मागणी करण्याची अधिकृत पद्धत) जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. त्याआधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, ‘द क्रू’ची प्रकाशक कंपनी युबिसॉफ्टने ‘द क्रू २’ आणि ‘द क्रू मोटरफेस्ट’ या पुढील दोन भागांना ऑफलाइन सोय देण्याचे जाहीर केले होते. मूळ खेळाचा त्यात समावेश नव्हता.