ठाण्यातील नृत्यवर्ग आणि तंजावरचा मराठी दरबार

ठाणे आणि नवी मुंबईतील वसाहतींत संध्याकाळी एखाद्या सभागृहातून लाकडी ठोकळ्यावर पडणाऱ्या दांडीचा ठेका आणि ‘तै या तै’ हे बोल ऐकू येतात, तर दुसऱ्या इमारतीत तबल्याच्या साथीने ‘ता थै थै तत्, आ थै थै तत्’ असा तत्कार चाललेला असतो. पहिला वर्ग भरतनाट्यमचा आणि दुसरा कथकचा. हिंदुस्थानी संगीताच्या ओळखीमुळे मराठी घरांना कथक जवळचे वाटते आणि भरतनाट्यम मात्र ‘दक्षिणेकडचे’, असा समज अजूनही पुष्कळ ठिकाणी आढळतो. इतिहास पाहिला तर या समजात दुरुस्ती करावी लागते, कारण भरतनाट्यमच्या आजच्या मांडणीचा फार मोठा भाग तंजावरच्या भोसले राजांच्या आश्रयाखाली घडला, आणि त्यातील काही भाग चक्क मराठी भाषेत घडला.

सर्वच शास्त्रीय शैली आपले मूळ भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात शोधतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात हातापायांच्या एकत्रित हालचालींची 108 करणे सांगितली आहेत, आणि त्यांपैकी 81 करणे तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दगडात कोरलेली आहेत. राजराज चोळाने हे मंदिर 1010 मध्ये पूर्ण केले. तेथील एका शिलालेखात मंदिराच्या सेवेसाठी आणलेल्या सुमारे 400 स्त्रियांची नावे, त्या कोणत्या गावाहून आल्या आणि त्यांना कोणत्या ओळीतील घर दिले, हे सारे नोंदवलेले आहे. ज्यांच्या अंगी ही कला होती त्यांची नावे राजाच्या नावाइतकीच टिकाऊ दगडावर कोरली गेली, ही गोष्ट पुढे काय घडले ते पाहताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यानंतर जेमतेम पन्नास वर्षांनी, 1060 मध्ये, उत्तर कोकणच्या शिलाहारांनी अंबरनाथचे शिवमंदिर पूर्ण केले. ठाण्याला त्या काळी श्रीस्थानक म्हणत. अंबरनाथच्या बाह्यभिंतींवरील नृत्यमुद्रेतील स्त्रीशिल्पे आजही पाहता येतात.

शास्त्राच्या अंगाने पाहिले तरी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि त्याचा सातवा अध्याय संपूर्णपणे नर्तनाला दिला. पुढे सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतले, आणि 1855 पर्यंत, म्हणजे पावणेदोनशे वर्षांच्या आसपास, मराठी घराण्याने तेथे राज्य केले. हे राजे केवळ आश्रयदाते नव्हते. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी तेलुगू आणि मराठी नाटके रचली. अठराव्या शतकात तुळजाराजांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला, आणि त्यातील नृत्याच्या सरावाचा भाग अभ्यासकांना फार मोलाचा वाटतो, कारण आज वर्गात मुली जे अडवू, म्हणजे नृत्याचे मूळ पदन्यास, घोटतात त्यांच्या जवळ जाणारे पदन्यास, त्यांची देशी नावे आणि बोल यांसह, त्यात दिलेले आहेत.

दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द 1798 ते 1832) हे या परंपरेतील सर्वांत ठळक नाव. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 मध्ये त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले आणि नृत्यासाठी स्वतः मराठी रचना केल्या. एका कथासूत्रावर ओवलेल्या नृत्यप्रकारांच्या मालिकेला तेथे ‘निरूपण’ म्हणत. या रचनांचा ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाचा संग्रह आहे. कोर्वै (ओवलेली मालिका) हा तमिळ शब्द मराठी विभक्तीप्रत्यय लावून सहज वापरला गेला, यावरूनच त्या दरबारात दोन भाषा किती जवळ नांदत होत्या हे कळते. त्यांच्या आणि त्यांचे पुत्र शिवाजीराजे यांच्या काळात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार बंधूंनी कार्यक्रमाचा क्रम बांधला: अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम आणि शेवटी तिल्लाना. ठाण्यात आज एखाद्या मुलीच्या अरंगेत्रमला, म्हणजे पहिल्या जाहीर नृत्यप्रयोगाला, आपण जे पाहतो, त्याचा सांगाडा हाच आहे.

तंजावरचे राज्य खालसा झाल्यावर कलावंत पांगले. तंजावरच्या राजघराण्यातील कन्येचा 1880 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांशी विवाह झाला आणि तिच्यासोबत तंजावरच्या नर्तकी व वादक बडोद्यास गेले, म्हणजे एका मराठी दरबारातून दुसऱ्या मराठी दरबारात.

विसाव्या शतकातील बदल मात्र वेदनादायक होता. मंदिरांत मुली वाहण्याच्या प्रथेविरुद्ध डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी चळवळ केली, आणि 1947 मध्ये मद्रास प्रांतात ही प्रथा कायद्याने बंद झाली. शोषण थांबवणे आवश्यकच होते, याबद्दल दुमत असू नये. परंतु ही चळवळ चालू असतानाच, 1930 च्या दशकात, ‘सदिर’ हे जुने नाव जाऊन ‘भरतनाट्यम’ हे नाव रूढ झाले, नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1936 मध्ये कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था स्थापली, सुशिक्षित घरांतील मुली रंगमंचावर आल्या, आणि ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या ही कला सांभाळली त्यांना व्यासपीठ उरले नाही. नर्तकी बालसरस्वती या त्याच परंपरेतील; त्यांच्या पूर्वज तंजावर दरबारातील कलावंत होत्या. त्यांच्यासारख्या थोड्याच जणी टिकल्या. मोठमोठे पुनरुज्जीवक ज्यांच्याकडे शिकले ते नट्टुवनार, म्हणजे नृत्य शिकवणारे आणि ठेका धरणारे गुरू, हेही याच समाजातील होते, हे आज वर्गात जितके स्पष्ट सांगितले जायला हवे तितके सांगितले जात नाही.

कथकचा प्रवास वेगळ्या वाटेने तेथेच येऊन पोहोचतो. कथाकार, रासलीला, मग लखनौ आणि जयपूरचे दरबार; 1856 मध्ये वाजिद अली शाह पदच्युत झाल्यावर आश्रय तुटला, तरी बिंदादीन आणि कालिकाप्रसाद यांच्या घराण्याने कला तगवली. महाराष्ट्रात सितारादेवी आणि गोपीकृष्ण यांनी मुंबईत, तर रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये पुण्यात नृत्यभारती स्थापून तिला मराठी घरांत नेले. कथकली, मोहिनीआट्टम, ओडिसी, कुचिपुडी, मणिपुरी आणि सन 2000 मध्ये मान्यता मिळालेले सत्रिय धरून संगीत नाटक अकादमी आठ शैली मानते. त्यांपैकी आपल्याकडे सर्वाधिक वर्ग भरतनाट्यम आणि कथक या दोन शैलींचेच दिसतात.

त्याचे एक कारण परीक्षा. विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले; त्यांच्या शिष्यांनी 1931 मध्ये उभारलेल्या, परीक्षा घेणाऱ्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आज वाशीत आहे. प्रारंभिक ते विशारद आणि पुढे अलंकार या पायऱ्यांमुळे घराण्याबाहेरच्या मुलींनाही क्रमवार शिक्षण मिळाले. त्याची किंमतही आहे: गुरूच्या सहवासात वर्षानुवर्षे मुरणारी गोष्ट वर्षाच्या अभ्यासक्रमात बसवावी लागते.

तंजावरचा मराठी धागा पुन्हा हाती आला तो मुंबईत. कोकणातून आलेले आचार्य पार्वतीकुमार तमिळ गुरूंकडे भरतनाट्यम शिकले आणि सरफोजीराजांच्या मराठी निरूपणांचा अभ्यास करून त्यांनी ती पुन्हा नृत्यात बांधली. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर पुढे किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिकल्या, जे त्या चार बंधूंच्या वंशातील होते. ‘नृत्यगंगा’ या उपक्रमात त्यांनी भरतनाट्यमला हिंदुस्थानी रागांची साथ दिली, आणि वर्णम व तिल्लानाच्या देहबोलीवर मराठी शब्द पुन्हा ऐकू येऊ लागले.