मृत्युपत्राचे एक्झिक्युटर म्हणून बाजूला व्हायचं असेल तर : नाशिककरांसाठी माहिती

मृत्युपत्रात आपलं नाव एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्रात लिहिल्याप्रमाणे मालमत्तेची व्यवस्था लावणारा निष्पादक, म्हणून घातलंय हे बऱ्याच जणांना घरात दुःख ताजं असतानाच कळतं. वय झालेलं असतं, सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात तारखांना खेपा घालणं झेपणार नसतं. मग घरात ठरतं, "मामा, तुम्ही नका त्रास घेऊ, बाबांचं सगळं मी बघतो." भाच्याला बघता येईलही, पण नुसतं घरात ठरवून नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे मामा नकार देऊ शकतात, आपल्या जागी दुसऱ्याला नेमू शकत नाहीत. त्यांच्यानंतर कोण, हे मृत्युपत्र आणि कायदा मिळून ठरवतात. वकिलाकडे जाण्याआधी घरातल्या सगळ्यांनी हे नीट समजून घ्यावं.

आधी मृत्युपत्र पुन्हा वाचा

त्यात दुसरा एक्झिक्युटर नेमलेला असेल तर काम सोपं आहे. तुम्ही नकार द्यायचा, प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, तो घेतो. कलम २२२ प्रमाणे प्रोबेट मिळतं ते फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरलाच. दुसरं नाव नसेल तर नातेवाइकाला प्रोबेट नाही, मृत्युपत्राची प्रत जोडलेलं प्रशासनपत्र, म्हणजे मयताच्या मालमत्तेची व्यवस्था बघायचा कोर्टाचा अधिकार, मिळतो. वकील या प्रशासनपत्राला लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन म्हणतात.

ते मागायचा हक्क कोणाला? ज्याला सगळी किंवा वाटून उरलेली मालमत्ता दिली आहे, त्याला (कलम २३२). किंवा मृत्युपत्रच नसतं तर जो कायद्याने वारस ठरला असता, त्याला (कलम २३१). वरच्या उदाहरणातला भाचा मयताचा मुलगा आहे, म्हणून तो बसतो. पण धावपळ करणारा, विश्वासू, आणि तरीही वारस नाही की मृत्युपत्रात नाव नाही असा पुतण्या असेल, तर तुमच्या शिफारशीने त्याला हा हक्क मिळत नाही. अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान नसलेल्या, व्यक्तीलाही मिळत नाही.

नकार कसा द्यायचा

कलम २३० मध्ये दोन वाटा आहेत : न्यायाधीशांसमोर तोंडी सांगणं, किंवा सहीनिशी लेखी देणं. लेखीच द्या. मजकूर साधारण असा असतो : "मयत श्री. … यांच्या दिनांक … च्या मृत्युपत्रात माझी निष्पादक म्हणून नेमणूक आहे. ती मी स्वीकारत नाही. निष्पादक म्हणून मी मयताच्या मालमत्तेचा कोणताही व्यवहार केलेला नाही." शेवटचं वाक्य खरं असायला हवं. भाडं वसूल केलं, मयताच्या पैशातून देणी फेडली, म्हणजे पद स्वीकारल्यासारखंच होतं आणि मग मागे फिरणं कठीण जातं.

आणि हा नकार कायमचा. पुढे भाऊ-बहिणींत बिनसलं म्हणून त्याच मृत्युपत्राचं प्रोबेट तुम्हाला मागता येणार नाही.

याहून कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट कलम १४१ मध्ये आहे. त्याच मृत्युपत्रात तुम्हाला काही दिलेलं असेल, तर एक्झिक्युटर म्हणून काम करायची तयारी दाखवल्याशिवाय ते मिळत नाही. मेहुण्यांनी प्रेमाने ठेवलेली रक्कम एका सहीने हातची जाऊ शकते. सही करण्याआधी हे कलम वकिलाला दाखवाच.

नकार द्यायचा नाही आणि करायचंही नाही, असं अधांतरी मात्र ठेवू नका. तसं केलंत तर कलम २२९ प्रमाणे कोर्टाला आधी तुमच्या नावाने "स्वीकारता की नाकारता" अशी नोटीस काढावी लागते आणि नातेवाइकाचा अर्ज तोवर अडून राहतो. तुम्ही महाराष्ट्राबाहेर राहत असाल आणि इथे दुसरा एक्झिक्युटर नसेल, तर कायमचा नकार न देता मुखत्यारामार्फत तात्पुरतं प्रशासनपत्र घ्यायची सोय कलम २४१ मध्ये आहे.

नातेवाइकाचा अर्ज

मयताचं राहतं घर किंवा कोणतीही मालमत्ता जिल्ह्यात असेल तर अर्ज इथे चालतो. गंगापूर रोडचा फ्लॅट, निफाडची द्राक्षबाग आणि ठाण्यातला गाळा, तिन्ही एकाच अर्जात येतात, कारण आदेश राज्यभर लागू असतो. सोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यू दाखला, तुमचा लेखी नकार, सर्व वारसांची नावं-पत्ते, मालमत्तेची किमतीसह यादी (सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, बँक पासबुक) आणि ओळखपत्रं लागतात. मृत्युपत्रावरच्या साक्षीदारांपैकी मिळेल त्या एकाची पडताळणीही लागते, म्हणून साक्षीदार वयस्कर असतील तर आधी त्यांना गाठा. बाकी वारसांची संमती शपथपत्रावर मिळाली तर बरंच काम हलकं होतं. कोणी हरकत घेतली की प्रकरण दाव्यासारखं चालतं.

मृत्यूनंतर चौदा दिवस पूर्ण झाल्याशिवाय प्रशासनपत्र मिळत नाही. ते घेणाऱ्याला जामीनदारासह बंधपत्र (लेखी हमी) द्यावं लागतं, तेव्हा जामीनदार कोण राहणार हे घरात आधीच बोलून घ्या. आदेशानंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टात द्यायचा असतो.