पेव्हरचा सीलर: वर बसणारा आणि आत मुरणारा

पावसाळा सरून अंगणाची, पार्किंगची आणि बंगल्याभोवतीच्या वाटांची कामे निघाली की ‘पेव्हरवर सीलरचा एक हात मारून घ्या’ असा सल्ला ठेकेदारापासून शेजाऱ्यापर्यंत प्रत्येक जण देतो. कोणता सीलर, असे विचारले की एखाद्या कंपनीचे नाव सांगितले जाते, फार तर ‘चकचकीत हवा की मॅट’ असा उलट प्रश्न येतो. पेव्हर म्हणजे जमिनीवर अंथरलेले ब्लॉक किंवा फरश्या, आणि सीलर म्हणजे त्यांना पाण्यापासून जपण्यासाठी लावायचा द्रव. वास्तविक सीलर म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रवांचे दोन अगदी वेगळे वर्ग आहेत: एक पेव्हरवर पापुद्रा धरून बसतो, दुसरा त्याच्या आत मुरतो. कोरड्या हवेच्या गावात ही निवड चुकली तरी निभावून जाते. पण पालघरपासून काणकोणपर्यंतच्या किनारपट्टीत, जिथे रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मे महिन्याच्या दुपारी ब्लॉकवर अनवाणी पाय ठेववत नाही, तिथे चुकीच्या निवडीची फळे पहिल्याच पावसाळ्यात दिसू लागतात.

वर बसणारा सीलर समजावून सांगण्याची फारशी गरज नाही, कारण तो रंगासारखाच वागतो. ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनसारखे रेझीन (कृत्रिम राळ) सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे उडून जाणाऱ्या द्रावकात, विरघळवलेले अथवा पाण्यात मिसळलेले असते. द्रव उडून गेला की रेझीनचा पारदर्शक थर मागे उरतो, रंग गडद होतो आणि ब्लॉक नुकताच भिजवल्यासारखा दिसतो. रबरी साच्यातून काढलेले चकचकीत ब्लॉक तर अनेकदा लॅकरचा असा थर चढवूनच विकले जातात. तो पाण्यातला घ्यावा की सॉल्व्हंटमधला, रोलरने लावावा की फवारावा, हे प्रश्न दुय्यम आहेत आणि त्यांवर घातला जाणारा वाद मला निरर्थक वाटतो.

मुरणाऱ्या सीलरचे काम निराळे आहे. सिलेन आणि सिलोक्झेन या संयुगांचे रेणू काँक्रीटच्या सूक्ष्म रंध्रांत शिरतात, तिथल्या सिलिकायुक्त घटकांशी रासायनिक बंध जोडतात आणि रंध्रांच्या भिंतींना पाणी चिकटू न देणारे अस्तर लावतात. रंध्रे बुजत नाहीत, केवळ पाणी ओढून घेण्याची त्यांची वृत्ती संपते. द्रवरूप पाणी वरून आत शिरत नाही, पण वाफ मात्र आतून बाहेर जाऊ शकते. पृष्ठभाग पूर्वी जसा होता तसाच दिसतो, आणि नेमक्या याच गुणामुळे अनेक घरमालकांना आपले पैसे वाया गेल्याचे वाटते.

आता मूळ गोंधळाकडे वळू. सीलरचे काम वरचे पाणी अडवणे हे आहे आणि जो जितके पूर्णपणे अडवील तितका तो चांगला, अशी जवळजवळ सर्वांची समजूत असते. ती गच्चीवरून आलेली आहे. गच्चीच्या स्लॅबखाली खोली असते, पाणी येते ते वरून, आणि वर अभंग थर दिला की काम भागते. अंगणातला पेव्हर मात्र जमिनीवर बसलेला असतो. त्याच्या खाली वाळूचा किंवा कचीचा थर, त्याखाली खडी आणि त्याखाली माती असते. सांध्यांतून उतरलेले पाणी याच थरांत साठते आणि कोकणात जूनपासून पुढचे चार महिने ते सहसा आटतच नाही. म्हणजे पेव्हर वरून जितका भिजतो, त्याहून अधिक काळ तो खालून ओला राहतो. पावसाने उघडीप दिली आणि ऊन पडले की ही ओल वाफ होऊन वरच्या दिशेने निघते, आणि वर जर पापुद्रा असेल तर ती त्याच्या पोटाशी अडते. पापुद्रा पाण्याला वरून रोखतो हे खरेच, परंतु खालून आलेल्या पाण्याची वाटही तोच बंद करतो.

याचा परिणाम पाहायचा असेल तर कौलारू घराच्या पागोळ्या जिथे पडतात तो पट्टा पाहावा. तिथल्या ब्लॉकवर आधी धुरकट पांढरी छटा येते, मग नखाएवढे फोड दिसतात, मग फोडांच्या कडा सुटून पापुद्र्याचे तुकडे नखाने निघू लागतात. तीन-चार ओळी सोडून पडवीच्या बाजूला, जिथे खाली पाणी कमी पोहोचते, तोच सीलर त्याच हाताने त्याच दिवशी लावलेला असूनही धड असतो. माल भेसळीचा होता असा आरोप अशा वेळी हमखास होतो, पण भेसळीच्या मालाने पागोळीची रेघ इतकी अचूक ओळखली नसती.

या पांढरेपणाचेही तीन प्रकार आहेत आणि तिघांनाही एकच उपाय केला जातो, तो म्हणजे ‘आणखी एक हात’. पहिला प्रकार साध्या खाराचा. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते, ते ओलीबरोबर पृष्ठभागावर येते, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून कॅल्शियम कार्बोनेट होते आणि वाळल्यावर पांढरे डाग उरतात. पाणी शिंपडले की हे डाग दिसेनासे होतात आणि सुकल्यावर परततात. नव्या ब्लॉकवर ते येणे स्वाभाविक आहे. एक-दोन महिने घासून-धुऊन पाहावे, बहुतेक वेळा जोर ओसरतो. दुसरा प्रकार पापुद्र्यात ओल कोंडल्याने आलेल्या धुरकटपणाचा. सॉल्व्हंटवर आधारलेल्या ॲक्रिलिकवर झायलीनने ओला केलेला बोळा कोपऱ्यात फिरवल्यास तेवढा भाग पुन्हा नितळ होतो, कारण रेझीन विरघळून कोंडलेली ओल सुटते. (झायलीन ज्वलनशील आहे, वाफही त्रासदायक, हा प्रयोग उघड्यावर, विडी-काडीपासून दूर आणि हातमोजे घालून करावा.) तिसरा प्रकार सर्वांत वाईट, पापुद्र्याखाली अडकलेल्या खाराचा. तो पाण्याने जात नाही, बोळ्यानेही जात नाही, आणि थर संपूर्ण काढून टाकल्याशिवाय त्याला हात घालता येत नाही. त्यावर आणखी एक हात मारणे म्हणजे वाफेची वाट अधिक जाड करून बंद करणे, इतकेच.

दुकानात मात्र निवड होते ती काउंटरवर ठेवलेल्या ब्लॉकवर पाणी ओतून. पाण्याचे मणी झाले, माल पसंत. ही चाचणी दोन्ही वर्गांना उत्तीर्ण करते, म्हणून या कामी ती निरुपयोगी आहे. काउंटरवरचा ब्लॉक खालून ओला नसतो, हे तर कोणाच्या लक्षातही येत नाही. मणी न होणे हेही मुरणारा सीलर संपल्याचे लक्षण नव्हे. अगदी वरच्या थरातला परिणाम ऊन मोडते, मणी होईनासे होतात, आतला भाग मात्र पाणी नाकारतच असतो. पाणी टाकल्यावर ब्लॉकचा रंग गडद होतो का, हे पाहावे. गडद होऊ लागला की पुन्हा लावायची वेळ झाली. खरेदी करताना डब्यावर सिलेन किंवा सिलोक्झेन लिहिले आहे की ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन, एपॉक्सी लिहिले आहे, एवढे वाचावे. ‘नॅनो’ या अक्षरांवरून काहीही कळत नाही. सोडियम किंवा लिथियम सिलिकेट मुरते खरे, पण ते काँक्रीट टणक करणारे द्रव्य आहे, पाणी झटकणारे नव्हे; आणि एपॉक्सी तर उन्हात पिवळी पडते, तिला उघड्या अंगणात स्थान नाही.

पेव्हर कशाचा आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. काँक्रीटचा यंत्रावर दाबलेला चांगला ब्लॉक मुळातच कमी पाणी शोषतो, आय.एस. १५६५८ या भारतीय मानकाच्या २००६ सालच्या आवृत्तीत पाणीशोषणाची सरासरी मर्यादा ६ टक्के आहे. असा ब्लॉक असेल तर सीलर ऐच्छिक समजावा. शहाबादी, कोटा आणि कडप्पा या फरश्या चुनखडीच्या असतात आणि सिलेनला बंध जोडायला हवी असलेली सिलिका त्यांत पुरेशी नसते, म्हणून काँक्रीटसाठीचा मुरणारा सीलर त्यांवर नीट धरत नाही. चुनखडीसाठी वेगळी उत्पादने मिळतात, ती घ्यावीत. या फरश्यांवर खार काढण्यासाठी ॲसिड ओतणाऱ्यांना तर माझा कायमचा विरोध आहे, कारण ॲसिड डागाबरोबर दगडही खाते. जांभ्याच्या चिऱ्याबद्दल माझे मत अधिकच ठाम आहे: समुद्राजवळच्या खळ्यात (घरापुढच्या अंगणात), जिथे जमिनीतून क्षारयुक्त ओल वर चढते, तिथे चिऱ्याला काहीही लावू नये. पापुद्रा तर नकोच, पण मुरणारा सीलरही तिथे शहाणपणाचा नाही, कारण पाणी उपचार केलेल्या थराच्या मागेच वाफ होते, क्षारांचे स्फटिक तिथे वाढतात आणि वरचा थर कपच्यांनी सुटू लागतो. जांभा उघडाच बरा. काळवंडला तर घासावा.

लावण्याचा काळ म्हणजे दिवाळी उलटल्यापासून माघ संपेपर्यंतचा. मेमध्ये घाईने, ‘पाऊस यायच्या आत’ उरकलेले काम मी पाहतो तेव्हा मला वाईट वाटते: तापलेल्या ब्लॉकवर सॉल्व्हंट क्षणात उडते, पापुद्र्यात बुडबुडे राहतात, आणि मुरणारा द्रव मुरण्यापूर्वीच हवेत जातो. पहाटेचे दव पूर्ण वाळू द्यावे, पण ब्लॉक हाताला चटका देण्याइतका तापू देऊ नये. वर कोरडे दिसते म्हणून आत कोरडे आहे असे मानू नये. साधारण ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून संध्याकाळी अंथरावा आणि किमान १६ तासांनी उचलावा. आतल्या बाजूस पाण्याचे थेंब असतील किंवा खालचा ब्लॉक गडद झाला असेल तर थांबावे. मुरणारा सीलर पहिला हात ओला असतानाच दुसरा देऊन लावावा आणि वर साचलेला द्रव पुसून घ्यावा, कारण पहिला हात पूर्ण वाळला की तो दुसऱ्यालाही पाणी समजून झटकतो.

दोन्हींपैकी कोणताही सीलर खचलेला ब्लॉक वर उचलत नाही, की सांध्यातून निघून गेलेली वाळू परत आणत नाही. सांधे भरावेत ते कोरड्या, चाळलेल्या वाळूने. वरून सिमेंटचे पातळ पाणी ओतून ते ‘पक्के’ करण्याची पद्धत तर मुळातून चुकीची आहे, कारण मग पाणी खाली उतरण्याची वाट बंद होते आणि ब्लॉकची लवचीक बैठक फुटक्या कोब्यासारखी तडकते. जेटने धुताना नोझल सांध्यावर रोखून धरणारेही सांध्यातली वाळूच उडवतात. शेवाळाचे म्हणाल तर सावली, ओल आणि पालापाचोळा असेल तिथे ते येणारच. मुरणाऱ्या सीलरमुळे ब्लॉक लवकर सुकतो, म्हणून ते उशिरा धरते आणि घासल्यावर सहज निघते. पापुद्रा मात्र ब्लॉकचा खरखरीतपणा भरून काढतो, त्यावर श्रावणातल्या शेवाळाचा बुळबुळीत थर बसला की म्हाताऱ्या माणसाने त्या वाटेने जाऊ नये. एवढ्या एका कारणासाठीही मी उतारावर किंवा पायऱ्यांवर चकचकीत सीलर लावू देणार नाही.

तरीही वर बसणाऱ्या सीलरला एक योग्य जागा आहे. वर छप्पर असलेल्या आणि खाली ओल रोखणारा थर घातलेला काँक्रीटचा कोबा असलेल्या पार्किंगमध्ये खालून वाफ फारशी येत नाही, आणि तिथला खरा शत्रू पाणी नसून गाडीतून ठिबकणारे ऑइल असते. साधा सिलेन-सिलोक्झेन सीलर तेलाला फारसा अडवत नाही; पापुद्रा ते वरच्या वर धरून ठेवतो, फडक्याने पुसता येते. मात्र तिथेही तो लावण्याआधी एक हिशेब मांडावा. मुरणारा सीलर काही वर्षांनी क्षीण झाला तर धुऊन, वाळवून त्यावरच पुन्हा लावता येतो, तर वर बसणारा जिथे सुटू लागतो तिथे आधी रसायनाने किंवा घासून पूर्ण काढावा लागतो, आणि ते काढण्याची मजुरी लावण्याच्या मजुरीहून जास्त पडते. ठेकेदाराकडून दर घेताना ही काढण्याची मजुरीही कागदावर लिहून मागावी.