लुइस बेटावरील सैनिक-पूर्वजांचा शोध

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यापलीकडील लुइस बेटावरून अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत ब्रिटिश साम्राज्याच्या पलटणींत गेलेल्या शिपायांचा माग काढणे, ही कुलेतिहासाच्या अभ्यासातील एक अवघड शाखा आहे. शिपाई गेलिक भाषा बोलणारा असे, तर त्याच्याविषयीचा जवळजवळ प्रत्येक कागद इंग्रजीत लिहिला जाई. या दोहोंमधील अंतर हीच मुख्य अडचण होय.

बेटावर आडनावे मोजकी आहेत : मॅक्लाउड, मॉरिसन, मॅक्डॉनल्ड, मॅकायव्हर, मॅकेंझी. पाळण्यातली नावेही थोडीच असून ती आजोबांकडून नातवाकडे जात. त्यामुळे गावात माणूस ओळखला जाई तो आडनावाने नव्हे, तर स्वतःचे, बापाचे आणि आजोबाचे नाव जोडून केलेल्या उच्चाराने. गेलिकमध्ये याला ‘स्लोन्यघ’ म्हणतात, आणि बापाचे नाव लावणाऱ्या मराठी वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही. पलटणीच्या कारकुनाने मात्र ही साखळी तोडून केवळ एक नाव व एक आडनाव ठेवले. गेलिकमधला ‘तॉर्मॉद’ कागदावर ‘नॉर्मन’ झाला, आणि एकच ‘आंघस’ कुठे ‘अँगस’, कुठे ‘ईनियस’ झाला. एकाच नावाचे अनेक शिपाई असल्यास त्यांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देत. हा क्रमांक वाचताना सोडला, तर एकाची सेवा दुसऱ्याच्या नावावर चढते. म्हणून शोध अभिलेखागारापासून नव्हे, गावापासून सुरू करावा. आपला पूर्वज कोणत्या पॅरिशचा (एका चर्चच्या हद्दीतील गावांचा) आणि कोणाचा मुलगा, हे ठाऊक असल्याशिवाय हजेरीपटातील नावांना अर्थ येत नाही.

बेटाचा सर्वांत घट्ट संबंध ७८ व्या हायलंडर (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील) पलटणीशी आहे. ती १७९३ मध्ये फ्रान्सिस हंबरस्टन मॅकेंझी यांनी उभारली. ते पुढे लॉर्ड सीफोर्थ झाले, आणि लुइसचे जमीनदारही तेच होते. जमिनीचा मालक व पलटणीचा उभारणारा एकच असल्याने मुलगा फौजेत देणे आणि शेत कसायला मिळणे यांची सांगड पडत असे. त्यामुळे एडिंबरो येथील राष्ट्रीय अभिलेखागारात असलेले सीफोर्थ घराण्याचे दप्तर या कामात सैनिकी कागदांइतकेच मोलाचे आहे.

क्रमांकावर मात्र आंधळा भरवसा ठेवू नये. १७७८ मध्ये याच घराण्याने उभारलेली जुनी पलटणही आरंभी ७८ वी होती. १७८६ मध्ये ती ७२ वी झाली. १८८१ मध्ये ७२ वी आणि ७८ वी एकत्र येऊन ‘सीफोर्थ हायलंडर्स’ बनली. शिवाय १८०४ मध्ये ७८ व्या पलटणीची दुसरी तुकडी उभी राहिली. ती १८०६ मध्ये इटलीतील मायडा येथे व १८०७ मध्ये इजिप्तमध्ये लढली, तेव्हा पहिली तुकडी हिंदुस्थानात होती.

पहिल्या तुकडीच्या शिपायांचा मार्ग महाराष्ट्रातून जातो. ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरच्या पेठेवरील हल्ल्यात ही पलटण होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई नद्यांच्या संगमाजवळ झालेल्या असईच्या लढाईत ती शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीच्या हाताखाली लढली. त्यानंतर अडगाव आणि गाविलगड येथेही ती होती. या युद्धाचे पदक तब्बल ४८ वर्षांनी, १८५१ मध्ये आणि केवळ हयात असलेल्यांनाच मिळाले. त्यामुळे पदकाच्या यादीत नाव नसणे म्हणजे तो शिपाई असईला नव्हता असे मुळीच ठरत नाही.

सैनिकी कागद मुख्यतः लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. निवृत्तिवेतन मिळालेल्या शिपायाच्या सेवापत्रात जन्माचा पॅरिश, वय, धंदा, उंची व केसांचा रंग असतो. निवृत्तिवेतन न मिळता मेलेल्याचा असा कागद सहसा उरत नाही, आणि त्याच्यासाठी हजेरीपट व मृतांच्या याद्याच चाळाव्या लागतात. जन्मस्थान केवळ ‘रॉस-शायर’ लिहिलेले असेल तर सावध राहावे, कारण मुख्य भूमीवरील गावांबरोबर लुइसही त्याच परगण्यात मोडत असे, पण शेजारचे हॅरिस इन्व्हर्नेस-शायरमध्ये.

स्टॉर्नोवे हे मुख्य शहर वगळता बेटावरील पॅरिशांची नोंद-पुस्तके एकोणिसाव्या शतकातच सुरू होतात. तेथे १८५५ हे वर्ष कामी येते, कारण त्या वर्षी स्कॉटलंडमध्ये सुरू झालेल्या सक्तीच्या नोंदणीत मृताच्या आईवडिलांची नावेही लिहितात. असईला लढलेला शिपाई त्यानंतर सत्तरी ओलांडून गावी मेला, तर अठराव्या शतकातील त्याच्या बापाचे नाव त्या एका कागदावर हाती लागते. १८५१ च्या जनगणनेत घरातील मुलाचे जन्मस्थान ‘ईस्ट इंडीज’ असे दिसले, तर तीही मोठी खूण असते.

राजाच्या पलटणींखेरीज ईस्ट इंडिया कंपनीची स्वतःची फौज होती आणि तिचे दप्तर वेगळे, ब्रिटिश लायब्ररीत आहे. स्टॉर्नोवेत जन्मलेले कॉलिन मॅकेंझी कंपनीच्या मद्रास फौजेत अभियंता होते व १८१५ मध्ये हिंदुस्थानचे पहिले महासर्वेक्षक झाले. त्यांची सैनिकी नोंद क्यू येथे शोधणे व्यर्थ ठरते. याच ग्रंथालयात बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांतील बाप्तिस्मा, विवाह व दफनांच्या चर्च-नोंदी आहेत. पलटणीबरोबर नेण्याची मुभा मोजक्याच बायकांना असल्याने अनेक शिपायांचे संसार हिंदुस्थानातच मांडले गेले, आणि या नोंदींत बापाचे नाव व पलटण स्पष्ट असली, तरी हिंदुस्थानी आईचे नाव पुष्कळदा लिहिलेलेच नसते किंवा तेथे केवळ बाप्तिस्म्याने मिळालेले नाव आढळते.