सापसुरळी सापाची मावशी नव्हे

पावसाळ्यात कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) माडाची झावळ उचलली की खालून काहीतरी चकचकीत वळवळत निघतं आणि कुणीतरी ओरडतं, ‘मार, विषारी आहे!’ ती बहुधा सापसुरळी असते. तिला विष नाही. भारतातल्या कुठल्याच सापसुरळीला नाही. सापाशी साम्य फक्त चालीचं.

नीट पाहिलं तर पापण्या मिटताना दिसतात, कानाचं बारीक छिद्र दिसतं. सापाला दोन्ही नसतात. पाय मात्र फसवतात. बागेतल्या नेहमीच्या सापसुरळीचे पाय ठळक असतात, खवल्यांवर बारीक उठावदार रेघा असतात. बारकुड्या, गुळगुळीत जातींचे पाय इतके आखूड की पुढचा आणि मागचा अंगालगत ताणला तरी एकमेकांना टेकत नाहीत. अशीच एक जात प्राणिशास्त्रज्ञ शर्मा यांनी १९७६ साली गोव्यातून जगापुढे आणली. शास्त्रीय नावातच ‘गोआएन्सिस’ आहे. आपल्या नावाची सापसुरळी, आणि ओळखणारे मोजके!

ठिपकेवाल्या जातीच्या पिल्लांची शेपटी लाल असते. तो लाल रंग म्हणजे विष, असं शपथेवर सांगणारे भेटतात. खरं तर शत्रूची झडप डोक्याऐवजी शेपटीवर पडावी, म्हणून तो. शेपटी तुटते, पुन्हा फुटते.